दुहेरी काचेच्या खिडकीचं हँडल घरच्या घरी बदलताना

घोडबंदर रोडवर काय किंवा नव्या मुंबईत पाम बीच रोडच्या कडेला काय, नव्या इमारतींत दुहेरी काचेच्या खिडक्या लावतात त्या मुख्यतः रस्त्याचा आवाज आणि धूळ बाहेर ठेवायला. काच ते काम करतेच, पण खिडकी नीट मिटली तर. ती मिटवायचं काम हँडलचं. हँडल खाली फिरवलं की पल्ल्याच्या कडेत बसवलेली लांब पट्टी सरकते, पट्टीवरचे रोलर चौकटीतल्या कीपरमध्ये (रोलर अडकवून धरणाऱ्या धातूच्या खाचांमध्ये) शिरतात आणि पल्ला चारी बाजूंनी काळ्या रबरी गॅस्केटवर दाबला जातो. हँडल अर्धवटच फिरत असेल तर हा दाब कमी पडतो. मग काच कितीही जाड असो, ट्रकचा हॉर्न आत येतो आणि जुलैच्या झडीत खिडकीखालची भिंत ओली होते.

हँडल बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. दोन स्क्रू, एक चौकोनी दांडी, आणि सगळं हाताशी असेल तर वीसेक मिनिटं. लोक फसतात ते मोजमापात आणि त्याहून जास्त निदानात. मोडलेलं हँडल दिसतं, म्हणून तेवढंच बदललं जातं. सहा महिन्यांनी नवंही त्याच जागी मोडतं. म्हणून दुकानात जाण्याआधी अर्धा तास खिडकीपाशी घालवा. त्या अर्ध्या तासाने पुढचे पैसे वाचतात.

आधी ते का मोडलं ते बघा

या खिडक्यांची हँडलं बहुतेकदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वरून पावडर कोटिंग. हा धातू कडक, पण ठिसूळ. वाकत नाही, एकदम तुटतो. तुटलेला भाग उजेडात धरून बघा. तुटलेली जागा एकसारखी करडी आणि रवाळ असेल तर ते नुकतंच, जास्त जोर पडून तुटलंय. तिच्यातला काही भाग काळपट आणि काही ताजा चकचकीत असेल, तर तडा आधीपासून होता आणि उरलेला तुकडा आज गेला. मानेशी, कोटिंगच्या फुगलेल्या पापुद्र्याखाली, पांढरी भुकटी दिसली तर खारी हवा आत शिरली आहे. वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूरला खाडीकडे तोंड असलेल्या खिडक्यांत आणि ठाण्यात कोलशेत, बाळकुमच्या बाजूला हे हमखास दिसतं.

हवेने मोडलं असेल तर नवं हँडल लावून प्रश्न सुटेल. जोराने मोडलं असेल तर तो जोर का लावावा लागत होता, हे शोधायला हवं. त्यासाठी तीन चाचण्या.

पहिली चाचणी: पल्ला उघडा ठेवून हँडल, किंवा त्याचा उरलेला बुडखा, फिरवून बघा. उघड्या पल्ल्यात हँडल लोण्यासारखं फिरलं पाहिजे. तसं फिरत असेल आणि बंद करताना मात्र जड जात असेल, तर आतला गिअर (हँडल फिरवल्यावर पट्टी सरकवणारी पल्ल्यातली पेटी) ठीक आहे. पल्ला आणि चौकट एकमेकांना जुळत नाहीत. उघड्या पल्ल्यातही अडखळत असेल तर गिअर कोरडा, धुळीने भरलेला किंवा तुटलेला आहे. इथे एक सावधगिरी. वरून तिरकी आणि बाजूने पूर्ण अशी दोन्ही तऱ्हांनी उघडणारी खिडकी असेल, तर पल्ल्याच्या कडेला हँडलजवळ एक छोटी स्प्रिंगची जीभ असते. पल्ला उघडा असताना ती हँडल अडवून धरते, ते मुद्दाम केलेलं असतं. जीभ बोटाने आत दाबून धरा आणि मग फिरवा. हे माहीत नसल्यामुळे ‘हँडल जाम झालं’ म्हणून जोर लावून चांगली हँडलं मोडलेली आहेत.

दुसरी चाचणी: पल्ला थोडा उघडा, हँडलच्या बाजूने खालून हाताने वर उचलून धरा आणि तसाच मिटून हँडल फिरवा. उचलल्यावर सहज फिरलं तर पल्ला खाली बसला आहे. दुहेरी काच जड असते. काचेचं वजन दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. म्हणजे ५ मिमीच्या दोन काचा असतील तर चौरस मीटरला २५ किलो. ६० सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच पल्ल्यात नुसती काचच साधारण १८ किलो भरते. बिजागरीचे स्क्रू सैल झाले किंवा काचेखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरकल्या की हे सगळं वजन हँडलच्या बाजूला लोंबतं. रोलर कीपरच्या तोंडाशी न येता खाली आपटतात आणि घरातला माणूस हँडलने पल्ला वर खेचू लागतो. ओतीव धातूला हा भार पेलत नाही.

तिसरी चाचणी कागदाची. वर्तमानपत्राची पट्टी चौकट आणि पल्ल्याच्या मध्ये धरून खिडकी मिटा, हँडल पूर्ण फिरवा आणि पट्टी ओढा. ती सहज निघाली तर तिथे दाब नाही. चारी बाजूंनी दर हातभर अंतरावर असं करत जा. एकाच कोपऱ्यात सैल लागत असेल तर दोष तिथल्या रोलरचा किंवा कीपरचा. हँडलकडे बघायचं कारण नाही.

ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर पैसे खर्च करण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर तो ३० दिवसांच्या आत जादा पैसे न घेता दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ओढून मोडलेल्या एका हँडलसाठी हे कितपत चालेल हा भाग वेगळा. पण एकाच इमारतीत दहा घरांतली हँडलं सारखी मोडत असतील तर मुद्दा दर्जाचा होतो. सोसायटीमार्फत फोटोंसकट एकत्र पत्र देणं चांगलं.

तुमचं हँडल कोणत्या जातीचं

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, दाराप्रमाणे उघडणाऱ्या खिडकीत हँडलच्या पाठीमागून एक चौकोनी लोखंडी दांडी निघते आणि पल्ल्यातल्या गिअरच्या चौकोनी भोकात बसते. दांडीला बाजारात स्पिंडल म्हणतात. हा लेख मुख्यतः याच हँडलबद्दल आहे.

ॲल्युमिनियमच्या बऱ्याच खिडक्यांत दांडीऐवजी दोन दातांचा काटा असतो. तो थेट पट्टीला ढकलतो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, त्यामुळे काढल्याशिवाय ठरवू नका. काट्याचं हँडल घेताना दातांची लांबी आणि दोन दातांमधलं अंतर मोजायचं. सरकत्या खिडक्यांत एक तर असंच स्पिंडलचं हँडल असतं, नाहीतर दाबून मिटणारा टच लॉक. टच लॉकमध्ये दोन स्क्रूंमधलं अंतर, आकड्याची लांबी आणि तो डावीकडे वळतो की उजवीकडे, एवढं जुळलं की काम झालं.

काढण्याची तयारी

लागणारी हत्यारं थोडी: चार कंगोऱ्यांचा दोन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, चपट्या तोंडाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, व्हर्निअर कॅलिपर किंवा निदान मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, अगरबत्तीची काडी आणि पेन. स्पिंडल कापायची वेळ आली तर हॅक्सॉ आणि कानस. बॅटरीचं ड्रिल मशीन या कामाला आणूच नका. त्याच्या जोराने आटे जातात, आणि गेलेले आटे हीच इथली सगळ्यात त्रासदायक दुरुस्ती.

खिडकी बाहेर उघडणारी असेल तर हँडलचं काम पल्ला मिटूनच करायचं. सुटलेलं हँडल विसाव्या मजल्यावरून खाली गेलं तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. चाचणीपुरता पल्ला उघडावा लागतो तेव्हा हँडल पक्कं बसलेलं असू द्या. खिडकीच्या कट्ट्यावर जुना टॉवेल पसरा, म्हणजे स्क्रू पडला तर घरंगळत ट्रॅकमध्ये जाणार नाही. बाहेर ग्रिल असलं तरी त्यावर ओणवं होऊन काही करू नका. हँडल आतल्या बाजूलाच आहे, बाहेर वाकायचं कारण नाही.

आता स्क्रू शोधायचे. ते झाकलेले असतात. हँडल आडवं करा, मग बैठकीवरची (हँडलच्या पल्ल्याला टेकणाऱ्या चपट्या भागावरची) झाकणी बोटांनी किंचित पुढे ओढा आणि ९० अंशांत फिरवा. खाली एकावर एक दोन स्क्रू दिसतील. काही हँडलांत झाकणी फिरत नाही, तिथे स्क्रूंवर प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने कडेने उचकटायची, खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, म्हणजे पांढऱ्या प्रोफाइलवर (पल्ल्याच्या पोकळ पट्टीवर) ओरखडा उठणार नाही. किल्लीचं हँडल असेल तर आधी कुलूप उघडा. कुलूपबंद हँडल फिरत नाही आणि खालचा स्क्रू त्याच्याच आड दडलेला असतो.

स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या डोक्यात पूर्ण बसवा, तळहाताने दाबून धरा आणि मग फिरवा. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर डोक्यावर गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, आधी घट्ट करायच्या दिशेला अगदी किंचित फिरवून मग सोडवा. स्प्रे काचेच्या कडेला आणि रबरावर उडू देऊ नका. काळं ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

दोन्ही स्क्रू निघाले की हँडल सरळ पुढे ओढा. आत दिसणारं चौकोनी भोक कोणत्या स्थितीत आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यानंतर त्या भोकात काही घालून फिरवत बसू नका.

मापं: खरं काम इथे आहे

स्पिंडलची जाडी बहुतेक सगळ्या यूपीव्हीसी खिडक्यांत ७ मिमी असते आणि दोन स्क्रूंमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ४३ मिमी. तरीही मोजा. स्क्रू साधारणपणे एम ५ (५ मिमी जाडीच्या) आट्यांचे असतात. लांबी प्रोफाइलच्या जाडीवर ठरते, म्हणून जुन्या स्क्रूची लांबी डोक्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत मोजून लिहून ठेवा.

चुकतं ते स्पिंडलच्या लांबीत. दुकानात सांगायची लांबी म्हणजे हँडलच्या बैठकीच्या सपाट पाठीपासून बाहेर डोकावणारा भाग. हँडलच्या पोटात गेलेला तुकडा त्यात धरायचा नाही. जुना स्पिंडल मोजून तेवढाच आणला तर चालायला हवं. मात्र जुना मुळातच चुकीचा असू शकतो, आणि कित्येकदा हँडल खराब व्हायचं कारण तेच असतं. त्याच्या टोकाकडे नीट बघा. गिअरमध्ये जेवढा भाग बसत होता तेवढ्या भागाच्या कोपऱ्यांवर घासल्याची चमक असते. टोकाचे नुसते तीन-चार मिमी चमकत असतील आणि तिथले कोपरे गोलसर झिजले असतील, तर स्पिंडल आखूड होता. तो गिअरच्या काठावरच फिरत होता.

खात्रीसाठी अगरबत्तीची काडी वापरा. काडी चौकोनी भोकातून आत घाला, पलीकडच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि प्रोफाइलच्या पृष्ठभागाशी पेनाने खूण करा. ही झाली जास्तीत जास्त खोली. मग काडी भोकाच्या कडेने तिरकी आत सरकवा; गिअरच्या चौकोनाचा अलीकडचा काठ जिथे लागतो तिथली दुसरी खूण करा. समजा पहिली खूण ३४ मिमीवर आली आणि दुसरी १६ मिमीवर. मग ३१-३२ मिमीचा स्पिंडल गिअरमध्ये पूर्ण बसेल आणि मागे टेकणारही नाही. मागे दोन-तीन मिमी मोकळे राहिलेच पाहिजेत.

स्पिंडल लांब झाला तर हँडलची बैठक प्रोफाइलला टेकत नाही, बारीक फट राहते. ती फट स्क्रू आवळून मिटवायचा मोह होतो. तसं केलंत तर स्पिंडल मागच्या भिंतीवर दाबला जातो, हँडल जड फिरतं, आणि काही महिन्यांत एक तर गिअरची पेटी फुटते किंवा बैठकीला तडा जातो. लांब स्पिंडल कापता येतो, आखूड स्पिंडलला काही इलाज नाही. म्हणून शंका असेल तेव्हा जरा लांबच आणा. कापताना स्पिंडल व्हाइसमध्ये धरायचा, हँडल धरायचं नाही. ठिसूळ धातू व्हाइसच्या जबड्यात चिरतो. कापल्यावर टोकाच्या चारी कडा कानशीने किंचित तिरक्या करा, नाहीतर स्पिंडल गिअरच्या तोंडाशी अडतो. आणि लोखंडाचा कीस खिडकीपासून लांब झाडा. पांढऱ्या प्रोफाइलवर राहिलेला कीस पहिल्या दमट दिवशी गंजतो आणि तपकिरी ठिपके उठतात, ते मग निघत नाहीत.

विकत घेताना

जुनं हँडल, दोन्ही स्क्रू आणि आतल्या भोकाचा फोटो घेऊन जा. ‘पांढरं हँडल द्या’ एवढंच म्हटलंत तर दुकानदार समोर असेल ते देईल. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत साधी हँडलं मिळतात; न मिळाल्यास मुंबईत नागदेवी स्ट्रीट. तरी यूपीव्हीसीच्या कामाला पहिला फोन ज्याने खिडक्या बसवल्या त्या फॅब्रिकेटरला करावा. त्याच्याकडे त्याच मालिकेतलं हँडल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तो सापडत नसेल तर पल्ला उघडून कडेवरच्या धातूच्या पट्टीवर ठसा शोधा. रोटो, सिजेनिया, मॅको असं निर्मात्याचं नाव तिथे कोरलेलं असतं. त्या नावावरून गिअर आणि हँडल दोन्ही शोधता येतात.

सरळ हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना चालतं. मान वळलेलं हँडल मात्र डावं किंवा उजवं असतं आणि उलटं आणलं तर हाताची बोटं चौकटीवर घासतात. खिडकीकडे आतून बघून बिजागरी कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा आणि दुकानात तसंच सांगा.

स्क्रूंच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. खाडीकाठी ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलही कालांतराने तांबूस डाग धरतं; ३१६ जास्त टिकतं. मात्र स्टेनलेस स्क्रू आणि जस्ताचा धातू ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना लागून राहिले की झिजतो तो जस्ताचा भाग. बसवताना स्क्रूच्या डोक्याखाली ग्रीसचं बोट फिरवलं की ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी स्क्रू सहज सुटतो.

घरात लहान मुलं असतील तर किल्लीचं हँडल घ्याच, विशेषतः ग्रिल नसलेल्या खिडकीला. किल्ली खिडकीजवळच, पण मोठ्यांच्याच हाताला येईल इतक्या उंचीवर टांगून ठेवा आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांना ती जागा माहीत असू द्या. आग लागली तर ड्रॉवर उपसत बसायला वेळ नसतो.

बसवणं

आधी स्पिंडल एकटाच गिअरमध्ये घालून, पक्कडीने धरून, हलकेच थोडा फिरवून बघा आणि जागेवर आणा. गिअर मोकळा आहे याची खात्री झाली. आता नवं हँडल फोटोतल्या स्थितीत धरा. जुनं काढताना आडवं होतं, तर नवंही आडवंच, कुलूप उघडलेलं. स्पिंडल भोकात सरळ ढकला. बैठक हाताच्या साध्या दाबाने प्रोफाइलला सगळीकडून टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बाहेर काढा आणि लांबी पुन्हा तपासा.

हँडल आडवंच ठेवा म्हणजे स्क्रूंच्या जागा मोकळ्या राहतील. दोन्ही स्क्रू आधी बोटांनीच दोन-तीन फेरे बसवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागत आहेत. काढा आणि पुन्हा सरळ धरा. मग स्क्रू ड्रायव्हरने वरचा थोडा, खालचा थोडा असं आळीपाळीने आवळत या. नुसत्या मनगटाचा जोर पुरे. बैठक हलायची थांबली की तुम्हीही थांबा. इथे हँडल दोन-तीनदा फिरवा. स्क्रू आवळल्यावर ते आधीपेक्षा जड झालं असेल तर दोन्ही स्क्रू पाव फेरा सैल करा. तरीही जड राहिलं तर स्पिंडल मागे टेकतोय.

आता पल्ला उघडून, ती जीभ असेल तर दाबून, हँडल पूर्ण फिरवा आणि कडेवरचे रोलर सरकताना बघा. सगळे एकाच वेळी हलले पाहिजेत. एखादा जागचा हलत नसेल तर पट्टी मध्ये कुठेतरी सुटली आहे. मग मिटून कागदाची चाचणी पुन्हा करा. दाब कमी वाटला तर रोलरकडे बघा. बऱ्याच खिडक्यांत ते मध्यापासून किंचित बाजूला बसवलेले असतात आणि ॲलन कीने फिरवले की दाब एखाद मिलिमीटरने कमीजास्त करता येतो. सगळे एकदम फिरवू नका. एक थोडा फिरवायचा, कागद ओढून बघायचा, मग दुसरा. दाब जास्त झाला की हँडल पुन्हा जड होतं, आणि आपण जिथून सुरुवात केली तिथे परत येतो.

शेवटी झाकणी फिरवून बंद करा. हँडलच्या बैठकीखाली सिलिकॉन भरू नका. पाणी आत येत असेल तर आधी ते बाहेर जायची वाट तपासा. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला तळाशी पाणी जायला आडव्या खाचा असतात, त्या धुळीने बुजलेल्या असतात. बाहेर वाकायचं नाही; पल्ला उघडून, चौकटीच्या आतल्या पन्हळीतली भोकं खराट्याच्या हिराने मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर वाहतंय का बघा. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं या खाचांत बसली आहे.

अडचणी आल्या तर

आटे गेले असतील तर एम-सील भरून वर स्क्रू पिळायची रीत फार पसरलेली आहे. ती टाळाच. एम-सील गिअरमध्ये शिरतं आणि वाळलं की गिअर कायमचा बसतो. स्क्रू गिअरच्या धातूच्या कानात बसत असेल तर फॅब्रिकेटरकडून आटे पुन्हा पाडून घ्या किंवा गिअर बदला. ॲल्युमिनियमच्या पातळ प्रोफाइलमध्ये एम ५ चा रिव्हनट (आतून फुलून पकडणारी आट्यांची नळी) बसवून पक्का आटा मिळतो. नवं भोक पाडायचा विचार असेल तर सोडून द्या, विशेषतः काचेच्या बाजूला. काचेची कड आणि तिच्यातली सीलबंद पट्टी बीडिंगच्या (काच धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) आड, अगदी जवळ असते. ड्रिलचं टोक तिला लागलं तर दोन काचांमध्ये दमट हवा शिरते आणि आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते.

हँडल तुटलं आणि खिडकी बंदच राहिली, असंही होतं. घाबरू नका. उरलेल्या बैठकीचे स्क्रू काढा, तुकडा ओढून काढा आणि जुना स्पिंडल किंवा ७ मिमीची चौकोनी सळी गिअरमध्ये घालून पान्याने फिरवा. खिडकी उघडेल आणि मिटेलही. ऐन पावसात हँडल मिळेपर्यंत असंच मिटून, स्पिंडल काढून, भोकावर चिकटपट्टी लावून ठेवा. स्पिंडल घातल्यावर तो नुसताच गरगर फिरत असेल तर गिअरचा चौकोन फुटला आहे. तेव्हा पल्ला बाहेरून-आतून उचकटायला जाऊ नका. आतली बीडिंग काढून, काच उतरवून पट्टी मोकळी करायचं काम दोन माणसांचं आणि काचेला लावायच्या सक्शन कपांचं आहे, फॅब्रिकेटरलाच बोलवा. नवा गिअर घेताना पल्ल्याच्या कडेपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि पट्टीची पूर्ण लांबी, ही दोन मापं त्याने तुमच्या देखत घ्यावीत.

पल्ला खाली बसला असेल तर हेच. बिजागरीचे दिसणारे स्क्रू आवळून फरक पडतो का बघा. नाही पडला तर काचेखालच्या पट्ट्या नव्याने लावायला हव्यात, आणि तेही काच हलवल्याशिवाय होत नाही. ते काम आधी, नवं हँडल नंतर.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, पल्ला उघडून रोलर आणि पट्टीच्या फटींत शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन-दोन थेंब सोडा, हँडल दहा वेळा फिरवा आणि जादा तेल पुसून घ्या. रबराला तेल नाही. साबणाच्या पाण्याचं फडकं, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात. खाडीकडच्या खिडक्यांची हँडलं महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तरी मानेशी मीठ साचत नाही. नवं हँडल लावल्यावर महिन्याभराने झाकणी उघडून स्क्रू पुन्हा तपासा, बहुधा अर्धा फेरा सैल झालेले असतात. आणि मोडलेल्या हँडलमधून स्पिंडल निघत असेल तर काढून ठेवा. एक ७ मिमीचा स्पिंडल, एक पाना आणि दोन जास्तीचे स्क्रू एका पिशवीत, कोणत्या खोलीच्या खिडकीचे ते लिहून, हत्यारांच्या डब्यात.